पारदर्शक व्यवहार

बँकेत वीस वर्षं एकाच खुर्चीला चिकटून राहिलेल्या माणसाला चिकटवण्याचं काम तरी जमायला हवं, असा आमच्या सौ.चा समज होता. तो एका रविवारी, साडेचारच्या सुमारास, कायमचा दूर झाला.

त्याचं असं झालं. माझी शाखा लातूरला आणि बिऱ्हाड नांदेडला. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते, तेव्हा शुक्रवारी रात्री मी घरी टपकतो आणि रविवारी संध्याकाळच्या एसटीने परत जातो. थोडक्यात, आमच्या चिरंजीवांच्या खात्यावर वडील पंधरवड्यातून एकदाच जमा होतात आणि दोन दिवसांत काढून घेतले जातात.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ विमानांना निरोप दिला. १९६३ साली दाखल झालेलं विमान बासष्ट वर्षांनी निवृत्त झालं. (आम्हाला साठाव्या वर्षीच घरी पाठवतात.) यातली कितीतरी विमानं आपल्या नाशिकजवळच्या ओझरला तयार झाली, हे मी चिरंजीवांना ऐटीत सांगितलं आणि त्या भरात मिगच्या प्रतिकृतीचा एक खोका घेऊन बसलो.

माप बहात्तरास एक. खऱ्या मिगच्या पंखांचा विस्तार सात मीटरांहून थोडा जास्त, आमच्या मिगचा दहा सेंटिमीटर. तीन पंधरवड्यांत धड, पंख, शेपूट सगळं जमलं. राहिली ती कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक टोपण. आकार भुईमुगाच्या अर्ध्या टरफलाएवढा. पण साऱ्या विमानात माणूस दिसतो तो तेवढ्यातूनच. आत बसलेल्या वैमानिकाचं हेल्मेट रंगवायला चिरंजीवांनी दोन रविवार श्वास रोखून घालवले होते.

"बाबा, आधी कोरडं बसवून बघू या," तो म्हणाला.

"अरे, साडेपाचची गाडी आहे," मी म्हणालो, आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब सोडून टोपण दाबलं. एका बाजूला फट राहिली. फार नाही, अर्धा मिलिमीटर. पण बी.कॉम. झालेल्या माणसाला गुणाकार येतो, हाच त्याचा शाप. अर्धा गुणिले बहात्तर, म्हणजे खऱ्या विमानात छत्तीस मिलिमीटर! इतक्या फटीतून आमच्या शाखेत उंदीर ये-जा करतात.

तेवढ्यात काचेच्या आत धुकं चढू लागलं. या गोंदाची वाफ हवेतल्या दमटपणाशी संधान बांधते आणि पांढरी पूड होऊन बसते. कॉकपिटसारख्या बंद जागेत तर फारच बसते. शिवाय जिथे बोट लागलेलं असेल तिथे आधी बसते. पोलीस याच वाफेने चोराचे ठसे उठवतात म्हणे. इथेही उठला. वैमानिक दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी माझा अंगठा स्पष्ट दिसू लागला. जन्मभर लोकांचे अंगठे तपासले, पण स्वतःचा इतका साफ कधी पाहिला नव्हता.

चिरंजीव रडले नाहीत, चिडले नाहीत. विमान खोक्यात ठेवत म्हणाले, "असू द्या बाबा. तुमची गाडी जाईल."

ते वाक्य मला फटीपेक्षा जास्त लागलं. मी पिशवी खाली ठेवली.

"अहो, गाडी?" सौ.

"पहाटे असते की एक."

मग काम नीट सुरू झालं. हा गोंद घट्ट असला तरी ठिसूळ. ज्या फटीला मी शिव्या दिल्या तिच्यातूनच पातं सरकवलं आणि टोपण टक्कन सुटलं. जुन्या धोतराच्या मऊ चिंधीवर टूथपेस्ट घेऊन आतून अर्धा तास घासल्यावर धुकं गेलं, अंगठाही गेला. मग कोरडं बसवून पाहिलं. जिथे अडलं तिथे टोपणाला नव्हे, विमानाच्या कडेला पॉलिश पेपर लावला. पुन्हा बसवलं, पुन्हा घासलं. सातव्या वेळी चपखल बसलं. कडेने काडीच्या टोकाने फेव्हिकॉल लावला, वर चिकटपट्टीची मुंडावळ बांधली.

"पुन्हा पांढरंच की!" सौ. म्हणाल्या.

"आई, हे पाण्यामुळे पांढरं आहे. पाणी उडालं की दिसणार नाही," चिरंजीवांनी समजावलं. "फक्त रात्रभर थांबावं लागतं."

पहाटे चारला मी त्याला उठवलं. मोबाईलच्या उजेडात पट्टी सोडवली. गोंदाचा मागमूस नव्हता. आत वैमानिक हेल्मेट घालून ताठ बसला होता. चिरंजीव त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मी चिरंजीवांकडे. मग माझी पिशवी उचलून ते कोपऱ्यापर्यंत आले. एरवी झोपेतूनच हात हलवतात.

सोमवारी कॉउंटरवर एक आजी आल्या. स्लिपवर अंगठा घाईघाईत टेकवला आणि सगळा फरफटला.

"लेकरा, लवकर कर की. माझी गाडी हाय."

"आजी," मी दुसरी स्लिप पुढे केली, "जाऊ द्या ती गाडी. आधी कोरडा टेकवून बघा."