खर्ज कुणाचा?

तेराशे डॉलरचा डिस्क प्लेअर मी एका एचडीएमआय केबलने रिसीव्हरला जोडला आणि पुढचे कित्येक महिने त्याच्या आवाजाचं कौतुक करत राहिलो. प्लेअर होता ओपोचा यूडीपी-205. 2017 साली बाजारात आला तेव्हा त्याची किंमत 1,299 डॉलर होती, आणि त्याचा धाकटा भाऊ यूडीपी-203 मिळत होता 549 ला. चित्राच्या बाबतीत दोघांत सांगण्यासारखा फरक नव्हता. वरचे साडेसातशे मोजायचे ते मुख्यतः अ‍ॅनालॉग आवाजासाठी, म्हणजे आतल्या ईएस9038प्रो या दोन डॅक चिप्स आणि त्यांच्या भोवतीची सगळी बडदास्त यांच्यासाठी. डिस्कवरच्या आकड्यांची विजेची लहर करायची, हे डॅकचं काम.

एचडीएमआयमधून आवाज बाहेर पडतो तो आकड्यांच्याच रूपात. लहर होते ती पुढे, रिसीव्हरमध्ये, रिसीव्हरच्या डॅकने. म्हणजे ज्या चिप्ससाठी मी पैसे मोजले त्या घरी आल्यापासून बिनकामाच्या बसून होत्या, आणि मी ऐकत होतो तो आमचा जुनाच रिसीव्हर. तरी माझ्या वहीत नोंदी होत्या: ‘तानपुऱ्याची आस लांबली’, ‘तबल्याची चाट स्वच्छ’. शनिवारी पेन स्टेट विद्यापीठाचा फुटबॉलचा सामना असला की बीव्हर स्टेडियममध्ये लाखावर माणसं जमतात, आमच्या स्टेट कॉलेज गावाच्या रस्त्यांवर गाडी काढायची सोय राहत नाही. अशा शनिवारी घरात बसून मी ती वही भरत असे.

हे लक्षात आणून दिलं ते गणपतीत जेवायला आलेल्या एका मुलाने. तो इथे विद्यापीठात ध्वनिशास्त्र शिकत होता. मोदक खाता खाता त्याने प्लेअरच्या मागे डोकावून पाहिलं आणि विचारलं, “काका, याचे अ‍ॅनालॉग आउटपुट कुठे लावलेत?” मी म्हणालो, लावलेलेच नाहीत. तो काही बोलला नाही, आणखी एक मोदक घेतला. त्याच्या जागी मी असतो तर हसलो असतो.

मला स्वतःचाच राग आला, आणि त्याचं खरं कारण वेगळंच होतं. 2010 साली लेक्सिकॉनच्या बीडी-30 या साडेतीन हजार डॉलरच्या प्लेअरच्या पोटात ओपोचा 499 डॉलरचा बीडीपी-83 निघाला होता. नुसते सुटे भाग नव्हेत, सांगाड्यासकट आख्खा. तेव्हा मी मित्रांना फोन करकरून ती बातमी ऐकवली होती, आणि लोक पेटी पाहून आवाज ऐकतात असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

मग चूक दुरुस्त करायला निघालो आणि दुसरी केली. बॅलन्स्ड इनपुट असलेला नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला. त्याला 205 जोडला एक्सएलआर केबलने, आणि तुलनेसाठी जुना सीडी प्लेअर साध्या आरसीएने. दोघांवर एकच सीडी, एकाकडून दुसऱ्याकडे जायला एक बटण. फरक इतका उघड होता की बायकोलाही हाक मारून ऐकवला. नवा प्लेअर भरदार, जुना मरगळलेला. 205 च्या आरसीएतून सुमारे 2.1 व्होल्ट येतात आणि एक्सएलआरमधून 4.2, हे माहितीपुस्तिकेत छापलेलं होतं, पण मी ते पान उलटून पुढे गेलो होतो. व्होल्ट दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने वाढतो. अर्ध्या डेसिबलचा फरक कानाला ‘मोठा’ असा कळतही नाही, तो ‘चांगला’ म्हणून कळतो. इथे तर सहा होते!

पुन्हा त्याच मुलाला बोलावलं. त्याने चाचणीचा एक हजार हर्ट्झचा सूर लावला, स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर धरला आणि दोन्ही प्लेअरचे व्होल्ट जुळवून घेतले. नंतर कुठला प्लेअर चालू आहे ते मला न दाखवता बटण दाबत गेला. माझी उत्तरं छापा-काट्याच्या तोडीची आली. बोस्टनच्या मायर आणि मोरन यांचा 2007 सालचा शोधनिबंध त्याने मग मला वाचायला दिला. त्यात लोकांना एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या सीडीहून वरच्या दर्जाच्या डिस्कांचा आवाज आधी सरळ आणि मग 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिटच्या, म्हणजे साध्या सीडीच्या चाळणीतून काढून ऐकवला होता. 554 वेळा विचारलं, 276 वेळा बरोबर उत्तर आलं. त्या निबंधावर पुढे पुष्कळ वाद झाले, आणि ते वाद मीही हिरिरीने वाचले. पण माझ्या दिवाणखान्यातला निकाल त्यांनी बदलत नव्हता.

तिसरी चूक मात्र मला अजून मनापासून आवडते.

सत्तरच्या दशकातल्या एका मराठी चित्रपटाची व्हीसीडी आम्ही पुण्याहून आणली होती, आणि त्याच चित्रपटाच्या गाण्यांची सीडीही. व्हीसीडी मी जुन्या स्वस्त प्लेअरवर लावत असे, सीडी नव्यावर. एकच गाणं दोन्हीकडे ऐकून मी लिहिलं होतं की नव्या प्लेअरमध्ये गायिकेचा गळा भारदस्त होतो, खर्ज उघडतो, लय विसावते. वाक्य मला इतकं पसंत पडलं की ते मी एकदोघांना पत्रातही लिहिलं.

एकदा बायको व्हीसीडीबरोबर पेटी घेऊन बसली. सूर काही केल्या लागेना. “अरे, हे काळी एकही नाही आणि पांढरी दोनही नाही. मधेच कुठेतरी लटकलंय.” सीडी लावली तर तेच गाणं सरळ काळी एकमध्ये.

चित्रपटाच्या फितीवर सेकंदाला 24 चौकटी असतात. भारतात टीव्ही पॅल पद्धतीचा होता, सेकंदाला 25 चौकटींचा. फीत त्यावर उतरवताना सरळ मार्ग म्हणजे ती किंचित पळवायची. अडीच तासांचा चित्रपट मग सहा मिनिटं आधी संपतो, आणि आवाजाला वेगळं सावरून घेतलं नाही, तर सगळं गाणं सुमारे सात दशांश अर्धस्वराने वर चढतं, म्हणजे काळी एकपासून निघून पांढरी दोनच्या अलीकडे अडकतं. आम्ही घड्याळ लावून पाहिलं. चित्रपटाची नोंदलेली लांबी आणि डिस्कवरची लांबी यांत तेवढीच तूट निघाली. गळा भारदस्त करणारा प्लेअर नव्हताच. सीडीवर ती गायिका आपल्या मूळ पट्टीत गात होती, आणि व्हीसीडीवर तिला घाई होती. मी वर्षभर ती घाई बिचाऱ्या जुन्या प्लेअरच्या नावावर मांडत होतो.

चित्राबद्दल माझं परीक्षण याहून धड नव्हतं. फडफडणाऱ्या झेंड्याच्या कडा पाहायची ती सुप्रसिद्ध चाचणी-डिस्क मी मन लावून पाहिली, तिला गुण दिले, पण घरातली एकही डिस्क तशी तपासली नाही. आमच्या कपाटात निम्म्याहून जास्त माल व्हीसीडीचा, म्हणजे 352 गुणिले 288 ठिपक्यांचा. त्यात जे नाहीच ते 4के टीव्हीवर कुठला प्लेअर कुठून आणणार? उरलेल्या डीव्हीडींपैकी काही रीजन पाचच्या निघाल्या. अमेरिकेत विकलेला माझा प्लेअर रीजन एकचा, त्याने त्या सरळ परत केल्या. जुन्या प्लेअरचा रीजन रिमोटवरून बदलता येत होता, त्यामुळे तो अजून टीव्हीखाली आहे आणि जास्त वापर त्याचाच होतो.

एप्रिल 2018 मध्ये ओपोने प्लेअर बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं, आणि वापरलेल्या 205 चे भाव उलटे चढायला लागले. तेव्हा पिट्सबर्गच्या एका मित्राने माझा विकत मागितला. फोनवर त्याचा पहिला प्रश्न, आवाजात किती फरक पडतो? मी त्याला उलट विचारलं, तुझ्याकडे डिस्क कुठल्या आहेत? त्याने यादी पाठवली. जुने मराठी चित्रपट, नाटकांच्या व्हीसीडी, आईने लक्ष्मी रोडवरून आणलेल्या डीव्हीडी. एसएसीडी एकही नाही. मी त्याला सांगितलं की माझा विकत नाही, आणि तू दुसऱ्याचाही घेऊ नकोस. रीजन बदलता येणारा पन्नास डॉलरच्या आतला एखादा बघ. स्वतः मात्र भारी प्लेअर बाळगून हा आपल्याला स्वस्ताचा पत्ता देतोय, असं त्याला वाटलं असणार. गेल्या दिवाळीला तो काहीसा तुटक बोलला.