कोजागरीचा अदृश्य प्रकाश

दिनांक ९ ऑक्टोबर २०२२ रोजी कोजागरी पौर्णिमा होती. सूर्य मावळून अर्धा तास झाला होता, पूर्वेस चंद्र उगवला होता आणि महाराष्ट्रातील घराघरांत दूध आटविण्याची सिद्धता चालली होती. सायंकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी आणखी एक प्रकाश पृथ्वीवर येऊन पोहोचला. शर नावाच्या चिमुकल्या तारकासमूहाच्या दिशेने तो आला, आणि ती दिशा त्या क्षणी मुंबईच्या जवळजवळ डोक्यावर होती. तरीही तो कोणास दिसला नाही. तो गॅमा किरणांचा प्रकाश होता. मनुष्याच्या डोळ्यास हे किरण दिसत नाहीत आणि वातावरण त्यांना भूमीपर्यंत येऊ देत नाही. हे एका परीने आपले भाग्यच म्हणावयाचे.

असे किरण टिपण्यासाठी दुर्बिणी वातावरणाच्या वर न्याव्या लागतात. सन २००८ पासून पृथ्वीभोवती फिरणारा फर्मी उपग्रह हेच काम करतो. त्याच्या अंगावर निरनिराळ्या दिशांकडे तोंड केलेले सोडियम आयोडाइडचे बारा स्फटिक बसविले आहेत. गॅमा किरणाचा कण स्फटिकावर आदळला की आत क्षणभर चमक उठते आणि यंत्र ती मोजते. कोणत्या स्फटिकात चमका अधिक उठल्या हे पाहून किरण कोणीकडून आले हे ठरवितात. दोन सेकंदांहून अधिक टिकणाऱ्या स्फोटास दीर्घ स्फोट म्हणण्याची रीत आहे. हा तर दहा मिनिटांहूनही अधिक काळ चालला.

आरंभी एक लहानशी लाट आली. मग सुमारे तीन मिनिटे जवळजवळ सामसूम झाली. त्यानंतर जे आले, त्याने मोजणाऱ्यांचीच भंबेरी उडाली! जत्रेच्या दारावर एकेक माणूस मोजणाऱ्या पहारेकऱ्यावर सारा लोंढा एकदम धावून यावा, तशी फर्मीच्या यंत्राची गत झाली. सर्वांत तेजस्वी क्षणांचीच मोजणी त्यास नीट करता येईना. भारतातील विजांची नोंद घेणारी यंत्रेही त्या वेळी जागी झाली, आणि वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर काही तास क्षुब्ध राहिला.

इकडे निराळाच घोटाळा झाला. सुमारे ५३ मिनिटांनी स्विफ्ट नावाच्या दुसऱ्या उपग्रहास त्याच दिशेने क्ष-किरण येताना आढळले. ही जागा आकाशगंगेच्या पट्ट्याला लागून असल्यामुळे आपल्याच आकाशगंगेतील एखादा तारा उसळला असावा, असे प्रथम वाटले. फर्मीच्या नोंदी ताडून पाहिल्यावर उलगडा झाला. पुढे चिली देशातील महादुर्बिणीने त्या उरल्यासुरल्या प्रकाशाचे पृथक्करण केले, तेव्हा हा प्रकाश सुमारे १९० कोटी वर्षे वाट चालत आला आहे असे ठरले. तो निघाला तेव्हा पृथ्वीवर ना झाड होते ना पशू. केवळ सूक्ष्म जीव होते. सूर्याहून कितीतरी जड असा एखादा तारा स्वतःच्याच भाराने कोसळला, त्याचे कृष्णविवर झाले आणि त्यातून सुटलेला झोत नेमका आपल्या दिशेने आला, अशी शास्त्रज्ञांची उपपत्ती आहे.

मग त्या तेजाचे माप झाले कसे? चीनच्या गेकॅम-सी या उपकरणाची त्या वेळी उच्च अक्षांशांवरील प्रदेशासाठी ठरविलेल्या निराळ्या पद्धतीने निरीक्षणे चालू होती, म्हणून ते दिपले नाही. पृथ्वीपासून सुमारे १५ लक्ष किलोमीटर दूर असलेल्या विंड यानावरील रशियन उपकरणाच्या नोंदीही हिशेबास आल्या. थोरामोठ्या यंत्रांचे डोळे दिपावेत आणि अशा आडवाटेच्या नोंदी कामी याव्यात, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. हा आजवर पाहिलेला सर्वांत तेजस्वी स्फोट ठरला. असा स्फोट पृथ्वीवरून सुमारे दहा हजार वर्षांतून एकदाच दिसावा, असा संशोधकांचा अंदाज आहे.

स्फोट शमल्यावरही त्याचे काम संपले नव्हते. त्यातील काही क्ष-किरण आकाशगंगेतील धुळीच्या ढगांवर आदळून किंचित वळले आणि आडमार्गाने आल्यामुळे उशिरा पोहोचले. युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीतून त्यांची एकात एक अशी वीस कडी दिसली. दिवसागणिक ती कडी रुंदावत गेली, आणि त्यांच्या रुंदीवरून कोणता ढग किती दूर आहे हे शास्त्रज्ञांनी मोजून काढले.