मागील बाजूचे भांडवल

इतवारीतील एका किराणा व्यापाऱ्याच्या धाकट्या मुलाने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी दुकानातही टोपी घालावयास सुरुवात केली. कपाळावरचे केस मागे सरकले होते आणि दोन स्थळांची बोलणी पुढे गेली नव्हती. कारण कोणी सांगितले नाही. ते त्याने स्वतःच ठरवून टाकले. मग जाहिरातीतील एक पॅकेज त्याने पसंत केले: एका दिवसात चार हजार ग्राफ्ट, आगाऊ रक्कम भरल्यास सूट.

वडिलांनी विरोध केला नाही. “माल पाहिल्याशिवाय सौदा करू नकोस,” एवढेच ते म्हणाले. दोघे धंतोलीतील एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले.

केशरोपणाने नवे केस निर्माण होत नाहीत, हे त्यांना तेथे प्रथम कळले. डोक्याच्या मागील भागातील केसांची मुळे पुढे आणून लावली जातात. जागा बदलली तरी ती आपला मूळ गुणधर्म सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइश यांनी १९५९ मध्ये मांडले. सारे शास्त्र त्यावरच उभे आहे.

मुळे काढण्याच्या मुख्य रीती दोन. एफयूटीमध्ये त्वचेची अरुंद पट्टी कापून जखम शिवतात व सूक्ष्मदर्शकाखाली पट्टीतून एक ते चार केसांचे गुच्छ वेगळे करतात. मुळे सुरक्षित राहतात. परंतु आडवा व्रण राहतो आणि केस बारीक कापल्यास तो दिसतो. एफयूईमध्ये सुमारे एक मिलिमीटर किंवा त्याहून लहान पोकळ पंचाने एकेक गुच्छ काढतात. टाके नाहीत, जखम लवकर भरते, ठिपक्यांएवढेच व्रण राहतात. मात्र सहसा मागचे केस भादरावे लागतात, वेळ अधिक लागतो, आणि हात चुकला तर मुळे तुटतात. डीएचआय म्हणजे पेनसारख्या साधनाने केलेली लागवड. मुळे काढण्याची रीत तीत एफयूईचीच असते.

“दोन्हींपैकी स्वस्त कोणती?” मुलाने विचारले. डॉक्टरांनी उलट विचारले, “शस्त्रक्रिया कोण करणार?” २०१९ साली मुंबईत एका व्यापाऱ्याचा केशरोपणानंतर मृत्यू झाला होता. कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून हे कौशल्य येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

पुढचा मुद्दा वडिलांना लगेच उमगला. मागचे केस हे मर्यादित भांडवल आहे. एकदा काढलेले मूळ तेथे पुन्हा येत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी ते सारे पुढे खर्चले आणि टक्कल मागे वाढतच गेले, तर पुढे केसांची पट्टी व मध्ये ओसाड जागा उरेल. म्हणून आधी औषधाने गळती रोखावी, वर्षभराने पुन्हा पाहावे. रोपण केले तरी लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी नवे उगवतात आणि पूर्ण परिणाम दिसण्यास वर्ष लागते.

घरी आजीने सारे ऐकून घेतले. “मुनिमहाराज केशलोच करतात तो देहाचा मोह सोडण्यासाठी. आपण संसारी माणसे. लावायचे तर लाव, बाळा. पण मुलीकडच्यांपासून लपवू नकोस. नात्यात खोटे माप चालत नाही.”

मुलाने पॅकेज सोडले आणि औषध सुरू केले. पुढच्या महिन्यात अमरावतीचे स्थळ आले. निघताना आईने सवयीने टोपी पुढे केली. त्याने ती घेतली आणि खुंटीवर परत अडकवली.