अवचितगडावरचं गवत

दिवाळीच्या किल्ल्यावर गवत कसं उगवायचं, हे आपल्याकडे कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा, लगेच सांगेल. अळीव पेरायचं! मोहरी चालते, नाचणीही चालते, पण अळीव बेस्ट. भिजलं की दाण्याभोवती बुळबुळीत थर येतो, त्यामुळे उतारावरसुद्धा बी घसरत नाही. म्हणजे बी येतानाच स्वतःचा फेविकॉल घेऊन येतं!

माझ्या आजोळी, रोह्याला, किल्ला दरवर्षी ठरलेला असायचा. अवचितगड. कारण सोपं आहे, तो कुंडलिकेपलीकडे समोरच दिसतो. विटा, दगड, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, त्यावर अळीव. खाली बसून सूचना द्यायला आजोबा. मला गवतातलं काहीच कळत नाही असं त्यांचं ठाम मत. "आपल्या रोह्यात लहानाचे मोठे झालेले सी. डी. देशमुख केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्रात बक्षीस घेऊन आले, आणि तू? सगळं हिरवं ते गवत!" कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला कुसळ आणि कुंपण यातला फरकही उशिरा कळला, त्यामुळे मी गप्प बसायचे.

मग मी इंजिनिअरिंगला आले आणि सगळा घोळ झाला. सेकंड इयरला सर्व्हेइंग शिकल्यावर डोक्यात स्केल बसलं. अवचितगड साधारण 300 मीटर उंच. आमचा किल्ला 60 सेंटिमीटर. म्हणजे 1:500. आठवड्यात अळीव वाढतं 5 सेंटिमीटर. गुणाकार करा... 25 मीटर उंच गवत! त्यात घोडदळ सोडा, अख्खं माडाचं झाड हरवेल. (महाराजांची मूर्ती 7 सेंटिमीटरची, म्हणजे 35 मीटर. पण महाराजांना स्केल लावायची माझी हिंमत नाही.)

मागच्या दिवाळीला ठरवलं, या वेळी खराखुरा अवचितगड करायचा. यूट्यूबवर सगळे व्हिडिओ इंग्लंडातल्या आजोबांचे. ते गॅरेजमध्ये छोटी रेल्वे करतात आणि तिच्या कडेला नायलॉनचं गवत लावतात. हे गवत म्हणजे 2 ते 6 मिलिमीटर लांबीचे बारीक तंतू. नुसते टाकले तर आडवे पडतात. म्हणून त्यांना विजेच्या जोरावर उभं करायचं. डास मारायच्या बॅटमधलं सर्किट काढलं, एक वायर चहाच्या गाळणीला जोडली आणि दुसरी ओल्या फेविकॉलमध्ये खोचलेल्या खिळ्याला. गाळणीत तंतू घालून हलवली, की ते भारित होऊन क्षेत्ररेषांच्या दिशेने ताठ होतात आणि गोंदात उभेच्या उभे रुततात. इलेक्ट्रोस्टॅटिक्समध्ये मला कसेबसे पासापुरते मार्क होते, पण पहिली मूठभर हिरवळ उभी राहिली तेव्हा मी घरात ओरडत फिरले. (मधे एकदा शॉक बसला, तेव्हाही ओरडले. घरच्यांना फरक कळला नाही.)

जमीन मात्र पेणची. गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यातून शाडू आणली. जाड थापली तर वाळताना तडकली. कारखान्यातले काका हसले आणि म्हणाले, "काथ्या घाल त्यात, धरून ठेवेल." धरलीही. वर चाळलेली लाल माती, कड्यांना फोडलेल्या दगडाची कच.

रंगावर सगळ्यात जास्त वेळ गेला. पाकिटावर लिहिलेलं असतं 'स्प्रिंग', 'समर', 'ऑटम'. आपल्याकडे यातलं काय लावणार? दिवाळीच्या सुमारास पेणहून रोह्याला ट्रेनने जाताना कासू, नागोठणं मागे पडतं तेव्हा बाहेर बघा. भात पिवळं झालेलं, कुठे कापलेलं. डोंगरावरचं गवत बुडाशी अजून हिरवं, पण शेंडे वाळायला लागलेले. म्हणून आधी 2 मिलिमीटरचा हिरवा थर दिला आणि त्यावर 4 मिलिमीटरचा गवती पिवळा. जमलं. फोटो काढला तर कुणीही म्हणावं, ड्रोनने काढलाय.

धनत्रयोदशीला प्लायवूडसकट तो गड मांडीवर घेऊन ट्रेनने रोह्याला नेला. ओटीवर ठेवला. सगळे जमले. मामेभावाने दहा फोटो काढले. आजोबा म्हणाले, "वा, छान!" आणि खाली बसले. मग त्यांनी हात पुढे केला.

हात गडाच्या बाजूने हवेतच गेला, परत आला आणि मग कड्याला लागला. पंजा सावकाश गवतावरून फिरला. "हे काय घातलंय? गालिचा आहे का?"

कुणी काही बोललं नाही. आजोबांना काचबिंदू आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ते 'जरा अंधुक दिसतं' म्हणायचे आणि आम्ही ते मान्य करून टाकलं होतं, कारण ते बरं होतं सगळ्यांना. घरातल्या घरात ते बिनचूक चालायचे. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. किती गेली आहे ते त्या दिवशी ओटीवर आईला कळलं, मामाला कळलं आणि मला. आई उठून आत गेली.

मी दोन महिने फोटोत खरं दिसेल असं गवत केलं होतं. त्यांना हाताला फक्त नायलॉन लागलं.

दुपारी आम्ही दोघं गड पुढे घेऊन बसलो. "आजोबा, तुम्ही सांगा, मी करते." नायलॉन अर्ध्या भागातून खरवडलं. ते म्हणाले, मेढ्याच्या वाटेवर गवत नको, पायाखाली खडी लागली पाहिजे. माथ्यावर कुसळं हवीत, पायजम्यात घुसतात तशी. परसातलं सुकलेलं गवत आणून त्याचे तुरे कात्रीने बारीक कापले. खाली कापलेलं शेत हवं म्हणाले. तिथे काथ्याचे आखूड तुकडे ओळीने रोवले. त्यावर त्यांनी तळवा उलटसुलट फिरवला. "हां. हे टोचतंय बरोबर. अनवाणी चाललं की असंच लागतं."

मग माथ्यावर बोट फिरवत विचारलं, "टाकी कुठायत? गडावर सात टाकी आहेत एका जागी." मी बाटलीच्या झाकणांची सात टाकी बसवली होती. ती त्यांनी एकेक मोजली. "इथे काठाला कोरडं कसं? पाण्याजवळ मऊ पाहिजे."

मऊ काय असतं एवढं? मामीकडून चमचाभर अळीव मागून आणलं. काठावर ओली माती लिंपून पेरलं. 1:500 गेलं खड्ड्यात.

भाऊबीज करून मी पेणला आले. चार दिवसांनी आजोबांचा फोन.

"उगवलंय गं. बोटाला लागतंय. पण ही पोरं पाणी जास्त घालतात, त्यांना सांग जरा."