उपाशी गाडी

माझ्या आरएक्स १०० मोटरसायकलचा एअर स्क्रू मी अडीच फेरे बाहेर ठेवत असे. कंपनीचं सेटिंग दीड फेऱ्याच्या आसपासचं. या कार्बोरेटरला स्क्रू जितका बाहेर घ्याल तितकी हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मला ते कमी झालेलं पेट्रोलच दिसायचं. ‘लिटरला पन्नास देते,’ असं मी वीस वर्षं सांगत होतो. ऐकणाऱ्याचं तोंड उघडं राहिलं की बरं वाटायचं. नुसतं सांगून थांबलो नाही. कारखान्यातल्या मित्रांच्या, शेजाऱ्यांच्या, भाच्याच्या गाड्यांचंही तेच सेटिंग करून दिलं. ते सगळं चुकीचं होतं.

गाडी १९९३ ची. घर नाशिकला गंगापूर रोडवर जेहान सर्कलजवळ आणि नोकरी सातपूरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये, इन्स्पेक्शनला. नव्या नोकरीत पगार बेताचा होता, म्हणून सेकंड हॅण्ड घेतली. तेव्हापासून पेट्रोल वाचवणं हा माझा छंद झाला. अशोक स्तंभाजवळ टाकीचा पाइप काढून बाटलीतून मोजून शंभर मिली पेट्रोल द्यायचं आणि गाडी कुठे बंद पडते ते बघायचं. आनंदवल्लीच्या अलीकडे बंद पडली तर वाईट, पुढे गेली तर शाबास. त्या नादात तीन गोष्टी केल्या. एअर स्क्रू बाहेर घेतला. स्लाइडच्या निडलची क्लिप सगळ्यात वरच्या खाचेत बसवली, म्हणजे निडल खाली उतरते आणि पेट्रोलची वाट अरुंद होते. आणि मूळ मेन जेट काढून त्याहून लहान नंबरचा घातला. थंडीत चोक ओढणंही बंद केलं. डिसेंबरात नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, गार पेट्रोलची वाफ नीट होत नाही, आणि चोक त्यासाठीच असतो. मी मात्र पंधरा-वीस किका मारत राहायचो, पण चोक ओढायचो नाही.

कार्बोरेटर दर दोन-तीन महिन्यांनी खोलायचो. खोलणं म्हणजेच देखभाल, असा माझा समज होता. वाटी काढायची, फ्लोट बाजूला करायचा, जेट काढून उजेडाकडे धरायचे आणि ॲक्सिलेटर केबलची एक बारीक तार घेऊन छिद्रातून पुढे-मागे ओढायची. ही तार मी पाकिटात ठेवायचो. कोणाची गाडी मिसफायर करतेय म्हटलं की लगेच बाहेर काढायचो.

आज सगळ्यात जास्त वाईट त्या तारेचं वाटतं, कारण या बाबतीत मला अज्ञानाची सबब नाही. माझं कामच मापाचं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने चूक निघाली तर मी अख्खी खेप परत पाठवायचो. सातपूरला राहून नोझलच्या छिद्राचं मोल माहीत नाही असं कोणी म्हणू शकत नाही, तिथे मायको कंपनीच्या कारखान्यात डिझेल इंजिनांची नोझलं पिढ्यान् पिढ्या बनत आली आहेत. आणि जेट म्हणजे दुसरं काय? पितळेचा नखाएवढा तुकडा, त्यात मोजून पाडलेलं एक छिद्र. पितळ मऊ, तार पोलादाची. समजा ०.४० मिलिमीटरचं छिद्र घासून ०.४४ झालं. डोळ्याला काही दिसणार नाही, पण छिद्राचं क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढतं. हा हिशेब मी कारखान्यात रोज करत होतो. घरी येऊन त्याच हातांनी तार घालत होतो.

गंगापूर नाक्याच्या अलीकडे एका गल्लीत एक मिस्तरी बसायचे. क्लचप्लेट बदलायला गाडी त्यांच्याकडे नेली होती, त्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. काम झाल्यावर त्यांनी एक चक्कर मारली, प्लग काढून पाहिला आणि म्हणाले, ‘दादा, प्लग पांढराफटक आहे. गाडीला उपाशी ठेवलंय तुम्ही. तिला तिचं खाऊ द्या.’ मी म्हणालो, ‘मिस्तरी, पेट्रोल जास्त जाळायला सांगून तुमचं काय जातं, पैसे माझे जातात.’ शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत बोललो. मिस्तरींनी प्लग पुसून परत बसवला आणि गाडी माझ्या हातात दिली. पैसेही ठरले तेवढेच घेतले.

माझा तेव्हाचा युक्तिवाद असा होता: आरएक्सला ऑइलची टाकी वेगळी आणि ऑइल पंपही वेगळा. बजाजच्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरसारखं ऑइल पेट्रोलमध्ये मिसळावं लागत नाही. मग पेट्रोल कमी केलं म्हणून इंजिनाला ऑइल कमी पडणार नाही, बिघडणार काय? ऐकायला बरोबर वाटतं, म्हणून कित्येकांना पटवलं. यात राहिलेली गोष्ट म्हणजे उष्णता. आत येणारं ओलं मिश्रण पिस्टनला थंडही करतं. पेट्रोल कमी, हवा जास्त असलं की पिस्टनचा माथा तापतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, लायनर बिडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीने फुगतं. मधली फट संपली की पिस्टन लायनरला धरतो. ऑइल असलं तरी धरतो.

२०२१ च्या डिसेंबरात तो धरला. गाडीवर मी नव्हतो, माझा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. लॉकडाउनमध्ये गाडी महिनोन् महिने उभी होती. वाटीतलं पेट्रोल उडून तळाशी चिकट पिवळा थर साचला होता, त्याला जुन्या व्हार्निशसारखा वास येत होता. मी कार्बोरेटर खोलला, साफ केला, तार घातली आणि आयडलिंग इतकं सुंदर लावलं की गाडी घड्याळासारखी टिकटिकत उभी राहिली. मुलाला म्हणालो, ‘जा, धरणापर्यंत जाऊन ये.’ गंगापूर गावाच्या पुढे, गोवर्धनकडच्या सरळ रस्त्यावर त्याने ॲक्सिलेटर पूर्ण ओढला. दीड-दोन मिनिटांत मागचं चाक जागच्या जागी जाम. क्लच दाबायचं त्याला सुचलं म्हणून गाडी घसरत बाजूला थांबली. मागे ट्रक नव्हता. गुडघा खरचटला, एवढ्यावर निभावलं. फोनवर तो म्हणाला, ‘बाबा, गाडी एकदम धरली.’ मला पुढचं काही विचारवलं नाही.

गाडी ढकलत त्याच मिस्तरींकडे नेली. त्यांनी हेड आणि सिलिंडर उतरवले. पिस्टनच्या बाजूला उभ्या ओरखड्यांचे पट्टे, लायनरवर ॲल्युमिनियम चिकटलेलं. मग त्यांनी कार्बोरेटर माझ्या समोर खोलला आणि एकेक भाग वर्तमानपत्रावर मांडला. मी जे वीस वर्षं खोलत होतो ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तारेने पायलट जेटचं छिद्र मोठं झालं होतं, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल जास्तच येत होतं. ते जुळवायला मी स्क्रू आणखी बाहेर घेत गेलो. म्हणून उभी गाडी कानाला गोड लागायची. पण पायलट जेट आणि एअर स्क्रू यांचं राज्य ॲक्सिलेटर जेमतेम उघडण्यापुरतं. त्यापुढे स्लाइडचा काप, मग निडल, आणि पाऊण ॲक्सिलेटरच्या पुढे सगळा भार मेन जेटवर. तिथे तर मी लहान जेट घालून ठेवला होता. इंजिन आणि कार्बोरेटर जोडणाऱ्या रबरालाही भेग होती, त्यातून फुकटची हवा आत जात होती. इंजिनाला जेव्हा सगळ्यात जास्त खायला हवं, तेव्हाच ते सगळ्यात जास्त उपाशी. आणि मी पारख करत होतो उभ्या गाडीच्या आवाजावरून.

सिलिंडर रीबोअर करून ०.२५ ओव्हरसाइज पिस्टन घातला. मिस्तरी मला एक शब्द लागेल असं बोलले नाहीत. मीच त्यांना ती प्लगची जुनी गोष्ट काढून म्हणालो, तुमचं बरोबर होतं, मी तुम्हाला नको ते बोललो. त्यांना ती गोष्ट आठवत नव्हती, किंवा तसं ते म्हणाले. ‘जाऊ द्या दादा, पोरगं नीट आहे ना.’

आता माझं मत पार बदललं आहे. कार्बोरेटर विनाकारण खोलायचा नाही. गाडी अडखळली तर आधी कॉकमधून पेट्रोल नीट येतंय का, एअर फिल्टर चोंदलाय का, प्लगची फट बरोबर आहे का, रबराला भेग आहे का, हे बघायचं. निम्म्या तक्रारी इथेच संपतात. तरी खोलावाच लागला तर जेट रात्रभर कार्बोरेटर क्लीनरमध्ये बुडवून ठेवायचे आणि हवेच्या दाबाने छिद्र मोकळं करायचं. तरीही उघडलं नाही तर नवा जेट. फार तर नायलॉनच्या ब्रशचा एक केस, धातू नाही. वाटीचे स्क्रू जपानी खाचेचे असतात, साधा स्टार स्क्रूड्रायव्हर त्यात घसरतो आणि खाच खातो, म्हणून त्या मापाचा वेगळा घेतला. परत बसवताना स्लाइडचा काप एअर फिल्टरच्या बाजूला. एअर स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, मग दीड फेरा बाहेर. दहा मिनिटं गाडी चालवून गरम केल्यावर पाव-पाव फेरा फिरवून आयडलिंग सगळ्यात वर जाईल ती जागा धरायची. प्रत्येक गाडीला हे लागू नाही, ज्या कार्बोरेटरचा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो तिथे तो बाहेर घेतला की पेट्रोल वाढतं. मी हा फरकही न बघता दुसऱ्यांचे स्क्रू फिरवले आहेत.

आणि शेवटी प्लग. मोकळ्या रस्त्यावर चांगली ओढून, तिथेच बंद करून काढायचा. पांढरा म्हणजे उपाशी, काजळीने काळा म्हणजे अपचन, दुधाच्या चहासारखा तपकिरी म्हणजे पोट भरलेलं.

हल्ली हे जास्तच बघावं लागतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणजे जुना जेट तोच ठेवला तर मिश्रण आपोआप उपाशीपणाकडे झुकतं. हे मॉडेल १९८५ साली भारतात आलं तेव्हा असं पेट्रोल कोणाच्या डोक्यात नव्हतं. मी मूळ नंबरच्या एक नंबर वरचा मेन जेट घातला आहे आणि क्लिप मधल्या खाचेत. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, म्हणून गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करतो. गेल्या पावसाळ्यात वाटीत पाण्याचा थेंब सापडला नाही. ॲव्हरेज ३८ आहे. मुलगा चालवतो, मी मागे बसतो.

ज्यांच्या गाड्यांचे स्क्रू मी फिरवून दिले, ज्यांना केबलची तार काढून दिली, त्यातले काही आजही गंगापूर रोडवर, कॉलेज रोडवर त्याच गाड्या चालवताना दिसतात. कोणी हे वाचत असेल तर माझी विनंती आहे: आजच प्लग काढून बघा, पायलट जेट नवा घाला, आणि मी दिलेली तार फेकून द्या.