ओसरी, मावशी आणि सात फुटी छत्री

आमच्या इंदुरात छत्री या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि त्यांतला पावसाळी अर्थ दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला मान कृष्णपुऱ्याच्या आणि छत्रीबागेतल्या छत्र्यांचा, म्हणजे होळकर घराण्यातील दिवंगतांच्या स्मारकांचा. ग्वाल्हेरच्या वाचकांना, शिंद्यांच्या छत्र्या जवळच असल्यामुळे, हे वेगळे सांगायला नको. म्हणून मावशीच्या वाड्याच्या चौकात आम्ही सात फूट व्यासाची पांढरीशुभ्र छत्री उघडली, तेव्हा मावशी खुर्चीतूनच म्हणाली, "अरे बाळू, आपल्याकडे छत्री माणूस गेल्यावर बांधतात. तू जरा लवकरच घेऊन आलास!"

सगळे हसले. आम्हीही हसलो; पण स्टँडचा स्क्रू आवळणारा हात क्षणभर थांबला, हे खरे. कारण आम्ही ज्या कामासाठी आलो होतो, त्याच्याशी मावशीच्या बोलण्याचा फार जवळचा संबंध होता.

आमच्या आई २००९ साली गेल्या. तेराव्याच्या आधी भिंतीवर लावण्यासाठी फोटो शोधू लागलो, तर घरात त्यांचा एकटीचा फोटो एकच निघाला : वडिलांच्या पश्चात कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी काढलेला, पासपोर्टच्या आकाराचा. समोरून झपकन पडलेल्या फ्लॅशने कपाळ पांढरे झालेले, डोळे दचकलेले आणि मागे मानेची काळी सावली. तोच मोठा करून घेतला. ज्या बाईने आयुष्यभर कुणासमोर दचकून पाहिले नाही, ती तेव्हापासून आमच्या बैठकीत दचकून पाहते आहे. चष्मा पुसून किती वेळा त्या फोटोपुढे उभे राहिलो. दोष त्यात कोणाचाच नव्हता. हयातीचा पुरावा मागणाऱ्या कागदाला एवढाच चेहरा पुरतो. आम्ही स्वतः महसूल खात्यात सदतीस वर्षे असे कागद तपासले आहेत आणि त्यावरच्या चेहऱ्यांकडे कधी नीट पाहिल्याचे आठवत नाही.

२०१९ साली निवृत्त झालो, तेव्हा अर्जित रजेच्या पैशांतून कॅमेरा घेतला. सौभाग्यवतींनी विचारले, "आता या वयात?" आम्ही म्हणालो, वय आमचे नव्हे, ज्यांचे फोटो काढायचे आहेत त्यांचे बघा.

मावशी आईंची धाकटी बहीण. त्या वेळी तिचे वय ८९. जुन्या इंदुरातला तिचा सासरचा वाडा, पूर्वेकडे ओसरी, मध्ये फरशीचा चौक, पश्चिमेला दुमजली सोपा. भावाभावांतली वाटणी एकदाची मिटली होती आणि २०२३ च्या दिवाळीनंतर वाडा पाडून तेथे सदनिका उभ्या राहायच्या होत्या. मावशी मुलाकडे राहायला जाणार होती. तिने स्वतः होऊन आम्हाला बोलावले. तिची अट एकच होती : "माझा फोटो काढ, पण घरासकट काढ. नुसतं थोबाड काय करायचंय?"

ही अट ऐकायला जितकी सोपी, तितकी पाळायला अवघड निघाली. मे महिन्यात पहिला प्रयत्न केला. चौकात ऊन, ओसरीवर ऊन, मावशीला उन्हात बसवले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले डोळे, दोन मिनिटांत पाण्याने भरले. भुवयांखाली काळ्या खाचा आणि नाकाखाली मिशीसारखी सावली. भाच्याने रुपेरी परावर्तक पत्रा धरून सावली उजळायचा प्रयत्न केला, तर मावशीने पदरच डोळ्यांवर ओढला. मग तिला सावलीत बसवले. आता चेहरा निवांत झाला, पण चेहऱ्यासाठी कॅमेरा लावावा तर मागची ओसरी चुना फासल्यासारखी पांढरी, आणि ओसरीसाठी लावावा तर मावशी काळीठिक्कर. एकाच फाइलीवर दोन वरिष्ठांचे परस्परविरुद्ध शेरे यावेत तसा प्रकार.

नातीने मोबाइल पुढे केला. आताचे मोबाइल एकाच दृश्याचे कमीअधिक उजेडाचे अनेक फोटो घेऊन त्यांचा मिलाफ करतात. ओसरी दिसली, मावशीही दिसली. पण चेहरा दुधात बुडवून काढल्यासारखा सपाट होता. सावली उजळता येते, पण उजेड कुठल्या बाजूने येतो ते मागाहून बदलता येत नाही. सुरकुत्यांना आकार देतो तो बाजूने येणारा उजेड. ८९ वर्षांच्या चेहऱ्यावरून सुरकुत्या वजा केल्या, तर उरते काय?

म्हणजे चेहऱ्यासाठी निराळा उजेड न्यायला हवा, तोही उन्हाच्या तोडीचा आणि तरीही डोळ्यांना न बोचणारा. येथे आम्हाला होळकर कॉलेजातल्या बी.एस्सी.च्या दिवसांत पाठ केलेले पदार्थविज्ञान आठवू लागले. उजेड बोचरा की मऊ, हे त्याच्या जोरावर ठरत नाही. ज्याच्यावर तो पडतो त्याला उजेडाचा उगम केवढा दिसतो, यावर ठरते. सूर्य प्रत्यक्षात चौदा लाख किलोमीटर व्यासाचा, पण पंधरा कोटी किलोमीटर दूर. आपल्याला तो आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणजे अडीच मीटरवर धरलेल्या रुपयाच्या नाण्याएवढा. एवढ्या टिकलीतून येणारा उजेड नाकाच्या एका बाजूला पोचतो, दुसऱ्या बाजूला पोचतच नाही. त्यामुळे सावलीची कड सुरीने कापल्यासारखी. उलट सात फुटांची छत्री चेहऱ्यापासून सात फुटांवर ठेवली, तर ती पन्नास अंशांहून अधिक जागा व्यापते. तिच्या एका टोकाचा उजेड अडला, तरी दुसऱ्या टोकाचा पोचतो. सावलीची कड विरघळते. आणि हीच छत्री तीस फुटांवर नेली, तर ती तेरा-चौदा अंशांचीच उरते. छत्री मोठी घेऊन लांब ठेवणारा माणूस पैसे वाया घालवतो. आम्ही ते आधी घालवले, म्हणून सांगतो.

छत्र्या दोन जातींच्या. एक आतून रुपेरी किंवा पांढरी आणि बाहेरून काळी. फ्लॅशचे तोंड छत्रीकडे, उजेड तिच्यावर आपटून माणसाकडे परततो. दुसरी पातळ पांढऱ्या कापडाची. फ्लॅश तिच्या पोटातून आरपार जातो आणि सबंध कापड उजळते. पहिलीत उजेड कमी सांडतो. दुसरीत मागेही बराच वाया जातो, पण तिची पाठ माणसाच्या अगदी जवळ नेता येते, दांडा मध्ये येत नाही. आम्ही दुसरी घेतली.

घेतली आणि जूनमध्ये गच्चीवर सराव करू लागलो. छत्री म्हणजे शीड असते, हे इंदूरसारख्या समुद्र न पाहिलेल्या गावात कोण सांगणार? मान्सूनपूर्व वाऱ्याची एक झुळूक आली. झुळूकच म्हणायची, वाळत घातलेले कपडेसुद्धा जागचे हलले नव्हते. छत्री स्टँडसकट निघाली, कठड्यावर आपटली, उलटी झाली आणि तिच्या दोन काड्या मोडल्या. फ्लॅश पाण्याच्या टाकीच्या पाइपात अडकला म्हणून वाचला. नुकसानीचा पंचनामा सौभाग्यवतींनी केला. तेव्हापासून स्टँडच्या पायावर शरबती गव्हाची दहा किलोची पिशवी टांगतो, आणि वर एक धडधाकट माणूस उभा करतो. या कामाला भाच्याइतके योग्य नाते दुसरे नाही.

यानिमित्ताने लाला दीनदयाळांची आठवण वारंवार होत असे. रुडकीला स्थापत्याचे शिक्षण घेऊन ते १८६६ मध्ये इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले, आणि १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे नोकरी सोडून ते हैदराबादला निजामाच्या पदरी गेले, 'राजा' झाले. १८९२ मध्ये त्यांनी तेथे पडदानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. सरकारी नोकरीत आकडेमोड करता करता कॅमेऱ्याकडे वळलेला आमच्या गावचा तो पूर्वसूरी. (आम्ही वळलो ते निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर, एवढा फरक राहणारच.) त्या काळातील स्टुडिओंना काचेचे छप्पर असे आणि उन्हाखाली पांढरे पडदे सरकवून उजेड मऊ करत. आमची छत्री म्हणजे तोच पडदा, फक्त काखोटीला मारून नेता येणारा.

ऑक्टोबरमध्ये, नवरात्र संपल्यावर, पुन्हा वाड्यात गेलो. या वेळी जमिनीची मोजणी करावी तसा आधी दोन दिवस चौक मोजला होता. चारच्या पुढे पश्चिमेच्या सोप्याची सावली चौकात उतरते आणि पूर्वेची ओसरी मात्र उतरत्या उन्हाने आतपर्यंत उजळते. तुळया, खांब, दाराची कडी, सगळे दिसते. मग सावली सरकत ओसरीच्या पायरीवर चढते आणि खेळ संपतो. हाती वेळ सुमारे अर्धा तास. मावशीची खुर्ची सोप्याच्या सावलीत, पाठ ओसरीकडे. तिच्या डावीकडे, डोक्याच्या किंचित वर, खाली कललेली छत्री, चेहऱ्यापासून पाच फुटांवर.

हिशेब असा. उन्हातल्या ओसरीसाठी, संवेदनशीलता १०० ठेवली तर, भर उन्हात सेकंदाच्या शंभराव्या भागाला एफ १६ लागतो. दोनशेव्या भागाला एफ ११. ऊन कलले होते, म्हणून एफ ८. शटर याहून वेगाने चालवता येत नाही, कारण मग त्याचा पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा मिटू लागतो आणि फ्लॅशचा उजेड फोटोच्या अर्ध्याच भागावर पडतो. म्हणजे ओसरीचा आकडा सूर्याने ठरवून दिला. मावशीला त्या आकड्यापर्यंत आणायचे काम छत्रीचे. कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश एवढ्या मोठ्या कापडामागे हरवून जातो; भाच्याने मित्राकडून चारशे वॅट-सेकंदांचा बॅटरीवर चालणारा आणला होता. त्याच्या तोंडाला फिकट नारिंगी जिलेटिन लावले, नाहीतर सोनेरी उन्हाच्या शेजारी फ्लॅशचा पांढरा उजेड निळसर, दवाखान्यासारखा दिसतो.

पहिला फोटो घेतला. मावशीने डोळे मिटले नाहीत. "काही झालंच नाही की," ती म्हणाली. तेवढ्या मोठ्या कापडावर पसरलेला उजेड डोळ्यांना टोचत नाही, हे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होते. तिच्या तोंडून ऐकले तेव्हा पटले. मग ती बोलू लागली. या चौकात तिचे लग्नानंतरचे पहिले हळदीकुंकू झाले, येथेच काकांची तिरडी बांधली. भाचा छत्री धरून ऐकत होता, त्याचा हात खाली आला, छत्रीही खाली आली. आम्ही रागावलो नाही. सावली पायरीवर चढेपर्यंत एकतीस फोटो झाले.

त्यांतला एक मोठा करून, चौकटीत घालून, दिवाळीच्या पाडव्याला मावशीच्या मुलाच्या घरी नेला. आमच्या मते तो आमच्या हातून निघालेला सर्वांत चांगला फोटो. डोळ्यांत छत्रीचे पांढरे गोल प्रतिबिंब आहे, बारकाईने पाहिले तर तिच्या काड्यासुद्धा दिसतात. गालाच्या सुरकुत्या एकेक मोजाव्यात अशा. मावशीने भिंग मागवले. चेहऱ्यावरून ते झर्रकन पुढे नेले आणि ओसरीवर फिरवत राहिली.

"पाळण्याची कडी एकच कशी रे?"

तुळईला दोन कड्या होत्या. तिची तिन्ही मुले त्या पाळण्यात वाढली. दुसरी कडी कोठे गेली ते आम्हाला ठाऊक होते. छत्रीची कड फोटोच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात आली होती, म्हणून तेवढी बाजू आम्ही कापून टाकली होती; आणि बाकी तीस फोटोंतही त्या कडीपुढे छत्रीच होती. छत्री जवळ न्यावी, आणखी जवळ न्यावी, या नादात मागे काय झाकले जाते ते आम्ही पाहिलेच नव्हते.

मावशी काही बोलली नाही. "असू दे, छान आलाय," एवढेच म्हणाली आणि भिंग केसमध्ये ठेवले.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. दुपारी बहिणीकडून उठलो तो सरळ वाड्यावर गेलो. दरवाजाला नवे कुलूप होते. राखणदाराने आमची ओळख विचारून ते उघडले. खिडक्यांची तावदाने काढून भिंतीला टेकवली होती, पण तुळई जागेवर होती. चारचे ऊन नेमके तिच्यावर आलेले. छत्री घरीच होती. या कामाला ती नकोही होती. दोन्ही कड्या एका फोटोत आल्या. मावशीच्या फोटोशेजारी तो आता तिच्या खोलीत टांगला आहे, आकाराने लहान, पण पलंगावरून आधी तोच दिसतो.