लोणारच्या काठाकाठाने

चिखलीला पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी एक प्रश्न हटकून पडतो: आता जायचे कुठे? गाव बाजारपेठेचे, माणसे अगत्याची, आणि फराळाची ताटे संपता संपत नाहीत. बसून बसून अंग जड होते. मोटारीतून उतरावे, देवदर्शन घ्यावे आणि पुन्हा मोटारीत बसावे, ही सहल मला मानवत नाही. म्हणून गेल्या भाऊबीजेला ताईकडे गेलो तेव्हा मंडळींपुढे मी बेत मांडला. रान असावे, पाणी असावे, आणि निघालो तिथेच परत आणून सोडणारी, म्हाताऱ्यांना नि पोरांना झेपेल अशी वाट असावी.

पहिले नाव निघाले ज्ञानगंगेचे. बुलढाणा-खामगाव रस्त्यावरचे बोथ्याचे जंगल म्हणजेच हे अभयारण्य. २०१९ च्या डिसेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून इथे पोचला. गळ्यात रेडिओचा पट्टा होता म्हणून जगाला कळले. "त्याचा बेत कोणी आखला होता, मामा?" असे भाच्याने विचारले, त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण दुसऱ्याच्या घरात मनाला येईल तसे पायी हिंडू नये, एवढे मला कळते. ते नाव आम्ही खोडले.

मग भाऊजींनी लोणार काढले. भाऊजी निवृत्त गणितशिक्षक. त्यांनी ताटात वाटी ठेवली आणि म्हणाले, "ताटाची कड हे विवर, वाटीची कड हे पाणी. ताटाचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. बावीस सप्तमांशाने गुणा." गुणाकार झाला: पावणेसहा किलोमीटरांच्या आत, म्हणजे जुन्या हिशेबाने साडेतीन मैल. पाण्याचा व्यास सुमारे सव्वा किलोमीटर, तेव्हा खालचा फेरा चार किलोमीटरांचा. कागदावर तरी दोन्ही फेरे सोपे. चिखलीहून मेहकरमार्गे लोणार सत्तरेक किलोमीटर; सकाळची एस.टी. धरली की संध्याकाळी घरी.

इतका वेळ वाती वळत बसलेल्या आजी, म्हणजे ताईच्या सासूबाई, एकदम म्हणाल्या, "मी येईन. कमळजेची ओटी राह्यली आहे."

सगळे गप्प झाले. आजींचे वय अठ्ठ्याहत्तर आणि उजवा गुडघा रुसलेला. कमळजादेवीचे देऊळ विवराच्या तळाशी, पाण्याच्या काठावर. ताईने हळूच सुचवले की आपण ओटी घेऊन जाऊ, तुम्ही घरी आराम करा.

"मले काय धाड भरली?" आजी म्हणाल्या. "भाऊ, तुमी सोपी वाट म्हनता ना? मंग ती मले सोपी पायजे."

त्या एका वाक्याने साऱ्या बेताची उलटापालट झाली. खालचा पूर्ण फेरा रद्द. वरच्या कडेची सलग प्रदक्षिणाही रद्द, कारण कडेला कुठे गाव, कुठे शेत, कुठे काटेरी झुडपे. सगळीकडे पायवाट चांगली नाही. शेवटी भाऊजींनी नवा नकाशा काढला: गावातल्या दैत्यसूदनापासून निघायचे, विवराच्या कडेवरच्या गोमुखाच्या धारेशी यायचे, तिथून जमेल तेवढे खाली उतरून परत वर, मग उत्तरेला सुमारे पाऊण किलोमीटरवरचे धाकटे अंबर तळे, शेजारचा मोठा मारुती आणि पुन्हा गाव. दोन तळी, एक फेरा, आणि बसायला ठिकाणे भरपूर.

शिदोरीला कळण्याची भाकरी, ठेचा आणि सीताफळे घेतली. वाचकांनी हा बेत केलाच तर पिशव्यांना झाकण असू द्यावे. तिथली वानरे परकेपणा मानीत नाहीत. प्यायचे पाणी बरोबर हवे. वनखात्याच्या चौकीवर आत जायची वेळ आधी विचारून घ्यावी, आणि काट्यांसाठी चपलेऐवजी बूट घालावेत.

दैत्यसूदनाच्या कोरीव भिंतींपुढे भाऊजी लवणासुराची कथा सांगत रेंगाळले, म्हणून पोरांना मीच पुढे काढले. धारेपाशी आलो आणि कडेवरून पहिल्यांदा खाली पाहिले तेव्हा बडबडी भाचीसुद्धा थांबली. एवढी मोठी परात आणि तळाशी हिरवे पाणी! आकाशातून पडलेल्या उल्केने हा खड्डा पाडला, हे १९७३ साली खडकांच्या तपासणीवरून पक्के झाले. तोवर ज्वालामुखीचे मत चालत असे. वय पूर्वी पन्नास हजार वर्षे सांगत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते पावणेसहा लाखांच्या घरात नेले. आजींना या आकड्यांचे काही नव्हते. त्या कमळजेचे शिखर शोधीत होत्या.

खाली उतरलो तेव्हा काठाची पायवाट बाभळींसकट पाण्यात गेलेली. गेल्या काही वर्षांत तळे चढत चालले आहे. कमळजेच्या देवळाशी पाणी आले आहे, असे वाटेतल्या गुराख्याने सांगितले. एका कडेला गोड आणि दुसऱ्या कडेला खारट पाणी म्हणून गाजलेली सासू-सुनेची विहीर पोरांना दाखवायची होती, तीही राहिली. ताई नि आजी एकमेकींकडे पाहून हसल्या.

मला मात्र हसू आले नाही. या तळ्यातून पाणी बाहेर जायला वाट नाही. झऱ्यांचे, पावसाचे पाणी येते, उन्हाने उडते आणि क्षार मागे राहतात. असे हजारो वर्षांचे मुरलेले ते पाणी. त्याचा खार पूर्वी काढून विकला जाई. २०२० च्या जूनमध्ये पाणी आटून खार वाढला आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांनी सारे तळे गुलाबी केले, ते वर्तमानपत्रांतून आपण सर्वांनी पाहिले. त्याच वर्षी या तळ्याला रामसर यादीत स्थान मिळाले. आता उलटे होते आहे. गोड पाणी वाढले की खार पातळ होतो, आणि खारावर जगणाऱ्या त्या जीवांचे काय होणार? पाहुण्यांना सोपी वाट हवी, ती दगड टाकून कुणीही करून देईल. पाण्याचा खारटपणा करून देता येत नाही.

आजी निम्म्या उतारावर एका धोंड्यावर बसल्या होत्या. तिथूनच त्यांनी देवळाच्या दिशेने हात जोडले. ताई म्हणाली, "ओटी धारेशी ठेवू या का?"

"तिची तिलेच," आजी म्हणाल्या आणि खण-नारळाची पिशवी काखेत घट्ट धरली. "पानी उतरू दे. मी येईन."

वर यायला पाऊण तास लागला, त्यात दोनदा भाकरी झाली. अंबर तळे लहानसे. मोठ्या तळ्याच्या फुटलेल्या तुकड्यानेच तेही झाले असावे, असे काहींचे मत आहे. मोठा मारुती आडवा पहुडलेला आहे. त्याला पाहून आजी म्हणाल्या, "यालेबी गुडघ्याचाच तरास दिसते."

एस.टी.त त्यांना खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवरच होती.